वाचकांचे प्रश्न : १०८ची गाडी आणि महापालिकेची गल्ली

मागच्या अंकात उष्माघातावर लिहिताना ‘लगेच १०८ला फोन करा’ असं एक वाक्य मी लिहिलं होतं. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की टेबल भरलं. गाडी कोणाची, उशीर का होतो, पैसे कोण मागतं, नगरसेवकाला नेमकं काय विचारायचं. माझं नोकरीचं सगळं आयुष्य नागपुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत गेलं. गाडीचं मागचं दार उघडलं की रुग्ण कोणत्या अवस्थेत खाली येतो, हे मी रात्रंदिवस पाहिलं आहे. म्हणून हा महिना या पत्रांनाच देते.

आदरणीय डॉक्टर मॅडम, आम्ही मानेवाडा भागात एका लेआउटमध्ये राहतो. मे महिन्यात रात्री दीड वाजता बाबांच्या छातीत दुखायला लागलं. १०८ लावला तर पुण्याहून एक मुलगी बोलली. तिला पत्ता समजावता समजावता आमचा जीव अर्धा झाला. गाडी आली, पण दोनदा गल्ली चुकून आली. बाबा आता बरे आहेत. घरटॅक्स आम्ही महापालिकेला भरतो, मग तिची ॲम्ब्युलन्स प्रत्येक वॉर्डात का नाही? — एक वाचक, मानेवाडा

बाबा सावरले हे वाचून फार बरं वाटलं. तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत. त्यांचा जाब दोन वेगवेगळ्या ठिकाणी विचारावा लागतो, म्हणून आधी त्या सुट्ट्या करू.

१०८ ही राज्याच्या आरोग्य विभागाची सेवा आहे. जानेवारी २०१४मध्ये ती ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यातल्या २३३ गाड्यांत व्हेंटिलेटर आणि हृदयाला झटका देणारं यंत्र, म्हणजे डिफिब्रिलेटर होतं. बाकीच्या ७०४ गाड्या प्राथमिक उपचारांच्या होत्या. २०११च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या घरात होती, म्हणजे एक लाख वीस हजारांच्या आसपास माणसांमागे एक गाडी पडली. सगळ्या महाराष्ट्राचे फोन पुण्याला औंधच्या केंद्रात जातात. तिथली मुलगी आत्ता गडचिरोलीचा फोन घेते आणि पुढच्या मिनिटाला सिंधुदुर्गाचा. तिला मानेवाडा माहीत नसणार. पण कोणती गाडी कुठे उभी आहे आणि कोणती मोकळी आहे, हे तिला समोर पडद्यावर दिसतं. त्या गाडीच्या पायलटला (१०८च्या ड्रायव्हरला पायलट म्हणतात) ती तुमच्याशी जोडून देते. मागे डॉक्टर बसलेला असतो. देशात बऱ्याच राज्यांत टेक्निशियनवर काम चालतं. आपल्याकडे डॉक्टर येतो, आणि कॅज्युअल्टीत उभी राहून त्याचा फरक मी पाहिला आहे.

महापालिकेकडे ही सेवा का नाही, याचं उत्तर घटनेत सापडतं. आरोग्य आणि रुग्णालयं हा विषय राज्याच्या यादीत आहे. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली आणि शहरांकडे सोपवता येतील अशी १८ कामं त्यात लिहिली गेली. सार्वजनिक आरोग्य त्यात आहे, अग्निशमन दलही आहे. ॲम्ब्युलन्सचा वेगळा उल्लेख नाही. म्हणून घराला आग लागली की सक्करदरा, गंजीपेठ नाहीतर लकडगंजच्या फायर स्टेशनातून महापालिकेची गाडी निघते, आणि छातीत दुखलं की राज्याची. महापालिकेने स्वतःच्या ॲम्ब्युलन्स ठेवायला मनाई नाही, पण तातडीच्या सेवेचा मुख्य भार राज्यावर आहे.

आता तुमची दुसरी तक्रार, आणि माझ्या मते खरी तीच. गाडी दोनदा गल्ली चुकली. नागपूरचा पत्ताच असा आहे. आपल्याकडे प्लॉट नंबर सांगतात, तोही लेआउट पाडणाऱ्या सोसायटीने दिलेला. शेजारच्या लेआउटमध्ये नंबर पुन्हा एकपासून सुरू होतात. एकाच नावाची नगरं शहराच्या दोन टोकांना सापडतात. ‘५७२’ आणि ‘१९००’ म्हटलं की आपल्या भागातल्या माणसाला लगेच कळतं: नियमित होण्यासाठी नागपूर सुधार प्रन्यासाच्या (लेआउट मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) फायलीत गेलेल्या अनधिकृत लेआउटचे ते आकडे. त्या वस्त्यांत रात्री दीड वाजता प्लॉट नंबर ४५ शोधणारा पायलट काय करणार? तो कोपऱ्यावरचा फलक शोधतो, आणि फलकावर कोणाच्या तरी वाढदिवसाचं पोस्टर चिकटलेलं असतं.

हे काम राज्याचं नाही. गल्लीच्या तोंडाशी नावाचा फलक, त्यावर प्लॉट नंबर कुठून कुठपर्यंत, फलकाजवळ चालू असलेला दिवा, खोदून ठेवलेल्या रस्त्याची आदल्या दिवशी दिलेली सूचना, नियमाप्रमाणे उंचीचे गतिरोधक, हे सगळं महापालिकेचं आहे आणि तुमच्या घरटॅक्समधूनच व्हायचं आहे. नगरसेवकाकडे जाल तेव्हा ॲम्ब्युलन्स मागू नका, हे मागा. शहरात फोन केल्यापासून २० मिनिटांत आणि ग्रामीण भागात ३० मिनिटांत गाडी पोचावी अशी १०८कडून अपेक्षा आहे. त्या २० मिनिटांतली ५ मिनिटं गल्ली शोधण्यात गेली, तर गाड्या दुप्पट करूनही ती परत मिळत नाहीत.

तुमच्या घरापुरतं एक काम आजच करा. मोठ्या चौकापासून दारापर्यंतचा रस्ता चार ओळींत लिहून तो कागद फ्रिजवर लावा: कोणत्या चौकातून कोणत्या हाताला, कोणतं मंदिर किंवा पाण्याची टाकी, तिथून कितवी गल्ली. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता सांगता येत नाही. वाचून दाखवता येतो. पायलटचा फोन आला की त्याला व्हॉट्सॲपवर लोकेशन टाका आणि एका पोराला मोबाइलचा टॉर्च लावून कोपऱ्यावर उभं करा. जिन्याखालच्या स्कूटर बाहेर काढा. छातीत दुखणाऱ्या माणसाला बसवून ठेवा. गाडी आली म्हणून त्याला चालवत खाली नेऊ नका.

मॅडम, आम्ही बेसा भागात राहतो, महापालिकेच्या हद्दीबाहेर. सुनेला सातवा महिना आहे. १०८ आमच्याकडे येईल का? कोणी १०२ सांगतं, कोणी ११२. — एक सासूबाई

येईल, ताई. १०८ हद्द बघत नाही. महापालिका असो, नगरपंचायत असो की ग्रामपंचायत, जवळची मोकळी गाडी पाठवायची एवढंच तिथे बघतात.

१०२ मात्र तुमच्या सुनेसाठीच आहे. २०११च्या जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमातली ही गाडी गरोदर बाईला घरून सरकारी दवाखान्यात नेते, गरज पडली तर तिथून मोठ्या रुग्णालयात नेते आणि बाळंतपणानंतर घरी सोडते. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळालाही ती चालते. पैसे लागत नाहीत. ग्रामीण भागात या गाड्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांवर उभ्या असतात. नववा महिना लागायच्या आत आशाताईला भेटून तुमच्या केंद्राची गाडी कुठे असते ते विचारून ठेवा. रक्तस्राव झाला, झटके आले, पाणी जाऊन बाळाची हालचाल थांबली, तर मात्र १०८च. ११२ हा पोलीस, आग, ॲम्ब्युलन्स सगळ्यांसाठी एकच नंबर. त्याचं मुख्य केंद्र नवी मुंबईत आणि दुसरं आपल्या नागपुरातच आहे. बाकी काही आठवलं नाही तर ११२ लावा.

नमस्कार डॉक्टर. आमचं नागपूरच्या महाल भागात गणेश मंडळ आहे. यंदा रोषणाईचा खर्च कमी करून वर्गणीतून आणि आमदार निधीतून मंडळाची स्वतःची ॲम्ब्युलन्स घ्यावी असं ठरतंय. कोणती घ्यावी? — मंडळाचा सचिव

दादा, तुमचा विचार मनापासून आवडला, म्हणूनच स्पष्ट लिहिते. घेऊ नका.

हिशेब करून बघा. आठवड्याचे तास १६८. एक माणूस ४८ तास काम करतो. म्हणजे ड्रायव्हरची एक जागा दिवसरात्र भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात. सुट्ट्या आणि आजारपण धरलं की चार-पाच होतात. रुग्णाजवळ मागे बसणारे तेवढेच. एका गाडीमागे आठ-दहा पगार, शिवाय विमा, फिटनेस, डिझेल, ऑक्सिजन भरणं. गाडीची किंमत एकदाच द्यावी लागते, हा खर्च दर महिन्याला. निधीतून घेतलेल्या, फुलांचे हार घालून उद्घाटन झालेल्या कितीतरी गाड्या शेवटी कुठल्यातरी शेडमध्ये टायर बसलेल्या अवस्थेत मी पाहिल्या आहेत. देणाऱ्याच्या मनात खोट नसते. चालवायची व्यवस्था आधी कोणी ठरवलेली नसते.

शिवाय ॲम्ब्युलन्स म्हणजे लाल-निळा दिवा लावलेली व्हॅन नव्हे. तिच्यासाठी एआयएस-१२५ हे मानक आहे आणि त्यात ए ते डी असे चार प्रकार आहेत. ए म्हणजे प्रथमोपचारासाठी धावणारं वाहन, बी म्हणजे स्थिर रुग्णाला नुसतं नेणारी गाडी, सी प्राथमिक जीवरक्षक, डी अतिदक्षता. मंडळं बहुतेक वेळा बी घेतात आणि लोक तिच्यात हार्ट अटॅकचा माणूस घालतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचं प्रमाण एक लाख लोकांमागे एक प्राथमिक आणि पाच लाखांमागे एक अतिदक्षता गाडी असं आहे. २०११ला नागपूर शहर २४ लाखांचं होतं. त्या हिशेबाने २४ प्राथमिक आणि ५ अतिदक्षता गाड्या लागतात, आणि त्यानंतर शहर केवढं वाढलं ते आपण बघतोच आहोत. आज शहरात या दोन्ही प्रकारच्या किती गाड्या खरोखर धावतात, हे लेखी विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. मंडळाच्या लेटरहेडचं वजन तिथे वापरा.

वर्गणीचे पैसे कशाला वापरायचे? बडकस चौकाच्या आत तुमच्या गल्ल्या कशा आहेत ते मला माहीत आहे. मोठी गाडी तोंडाशी थांबते आणि तिथून रुग्णाला उचलून आणावं लागतं. जुन्या वाड्यांच्या वळणाच्या जिन्यात स्ट्रेचर फिरत नाही. घरातले लोक मग चादरीत घालून किंवा प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून माणूस उतरवतात, आणि खुर्चीचा पाय मोडतो. दोन घडीच्या, पट्ट्यांच्या, मागे चाकं असलेल्या जिना-खुर्च्या घ्या आणि मंडळाच्या खोलीत ठेवा. खोलीची किल्ली कोणाकडे, ते दारावरच लिहा. जमलं तर एक स्वयंचलित डिफिब्रिलेटर घ्या. ते यंत्र काय करायचं ते स्वतः बोलून सांगतं आणि गरज नसेल तर झटका देत नाही.

आणि गल्लीतली वीस-पंचवीस मुलं-मुली शिकवून तयार करा. हृदय बंद पडलं आणि कोणीच काही केलं नाही, तर झटका मिळायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होते. गाडी वेळेत, म्हणजे विसाव्या मिनिटाला आली तरी उशीरच झालेला असतो. छाती दाबणं शेजाऱ्यालाच करावं लागतं. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवायची, कोपर ताठ, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला किमान ५ सेंटिमीटर खोल, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत हात भरून येतात, म्हणून माणूस बदलायचा. ढोल-ताशा पथकातल्या मुलांना ही लय चटकन जमते, हे मी शिकवताना पाहिलं आहे.

उन्हाळ्यात त्याच मुलांना कूलरचं शिकवा. पाणी भरताना कूलरचा शॉक लागलेले रुग्ण नागपुरात दर मे महिन्यात येतात, आणि त्यांच्यामागे वाचवायला गेलेला दुसरा माणूसही कित्येकदा येतो. आधी मेन स्विच बंद, मगच हात लावायचा. एक विनंती तुमच्या मंडपाबद्दलही. मांडव असा घाला की बाजूने ॲम्ब्युलन्स आणि बंब दोन्ही निघतील. परवानगीच्या कागदावर ही अट असते. पाळायची की नाही हे तुमच्या हातात आहे.

डॉक्टर, मी रोज कामठी रोडने जातो. परवा एका मुलाला ट्रकने उडवलं, लोक व्हिडिओ काढत होते. मी थांबलो नाही, पोलिसांच्या भानगडीची भीती वाटली. ते मनातून जात नाही. — एक वाचक, इंदोरा

तुमची भीती जुन्या दिवसांतली आहे, कायदा आता बदलला आहे. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक केलं, आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. चांगल्या हेतूने मदत केली आणि तरी जखमी दगावला, तर तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती पोलीस किंवा रुग्णालय करू शकत नाही. पोलिसांचे सोपस्कार झाले नाहीत म्हणून अपघातग्रस्ताला दारातून परत पाठवता येत नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं. मे २०२५पासून रस्ते अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजनाही आहे.

पुढच्या वेळी थांबा. १०८ लावा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ही चालतो. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. मान हलवू नका, पाणी पाजू नका. हेल्मेट ओढून काढू नका, श्वास अडत असेल तरच दोघांनी मिळून, मान धरून काढा.

आमचा मुलगा अमेरिकेत सिॲटलला असतो. तो म्हणतो तिकडे माणूस कोसळला की आधी फायर ब्रिगेड येते. आपल्याकडे असं का नाही? — एक ज्येष्ठ दांपत्य, धरमपेठ

मुलगा बरोबर सांगतो, काका. सिॲटलच्या अग्निशमन दलाने १९७०मध्ये ‘मेडिक वन’ सुरू केलं. लिओनार्ड कॉब नावाच्या हृदयरोगतज्ज्ञांनी बंबावरच्या जवानांना शिकवलं, आणि लगोलग सामान्य नागरिकांनाही छाती दाबायला शिकवायला घेतलं. त्या परगण्यातले लोक या सेवेसाठी मालमत्तेवरचा वेगळा कर मतदानाने मंजूर करतात. जपानमध्ये तर ॲम्ब्युलन्स नगरपालिकेच्या अग्निशमन दलाकडेच आहे. ११९ फिरवायचा, पैसे लागत नाहीत. इंग्लंडने उलट केलं: १९४८पासून ॲम्ब्युलन्स तिथल्या स्थानिक कौन्सिलांकडे होती, १९७४मध्ये ती राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे गेली. एकच पद्धत सगळीकडे बरोबर असं नाही.

पण सिॲटलचं एक घेण्यासारखं आहे, आणि त्यासाठी घटना बदलावी लागत नाही. आपली फायर स्टेशनं शहरभर पसरलेली आहेत, दिवसरात्र जागी आहेत आणि तिथल्या जवानांना गल्ल्या पाठ आहेत. त्यांना प्रथमोपचाराचं पक्कं शिक्षण, प्रत्येक स्टेशनात एक डिफिब्रिलेटर आणि एक मोटारसायकल, आणि १०८च्या केंद्राने जवळच्या स्टेशनला त्याच क्षणी कळवायची सोय, एवढं केलं तर गाडी येईपर्यंतची मधली मिनिटं भरून निघतील. २०१७मध्ये मुंबईत १०८ने मोटारसायकल ॲम्ब्युलन्स आणल्या, त्यांत डॉक्टरच बाइक चालवत येतो. महालासारख्या, इतवारीसारख्या भागात हे नागपुरातही हवंच. महापालिकेच्या अर्थसंकल्पावर सूचना मागवतात तेव्हा मी हेच लिहून पाठवते. तुम्हीही पाठवा.

मेव्हण्याला गडचिरोलीहून नागपूरला ‘रेफर’ केलं. पावणेदोनशे किलोमीटर आलो आणि इथे बेड नाही म्हणाले. हे आधी कळत नाही का? — एक वाचक, हुडकेश्वर

कळायला हवं. १९९६चा पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा खटला याच कारणाने झाला. रेल्वेतून पडलेल्या हाकीम शेख या मजुराला कोलकात्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठवलं. सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि बेड कुठे मोकळा आहे हे सांगणारी मध्यवर्ती संपर्क व्यवस्था उभारायला सांगितलं.

नागपूरवर भार आहे हे खरं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, शिवाय मध्य प्रदेशातलं छिंदवाडा आणि बालाघाट, सगळ्यांचा शेवटचा थांबा नागपुरातली मोठी सरकारी रुग्णालयं: मेडिकल, मेयो, आता एम्स. कॅज्युअल्टीत मला सर्वांत जास्त राग यायचा तो एका गोष्टीचा: रुग्ण यायचा, सोबतच्या चिठ्ठीवर फक्त ‘पुढील उपचारांसाठी’ एवढंच. कोणतं औषध किती वाजता दिलं, श्वासाची नळी कधी घातली, रक्तगट काय, काही नाही. आम्ही सगळं पहिल्यापासून सुरू करायचो आणि तो वेळ रुग्णाचा जायचा.

म्हणून रेफर करणाऱ्या डॉक्टरांना निघायच्या आधी हात जोडून सांगा: “साहेब, तिकडे फोन करा, कोणाशी बोललात त्याचं नाव आणि वेळ चिठ्ठीवर लिहा, दिलेली औषधं वेळेसकट लिहा.” एक्स-रे आणि रिपोर्ट मागून घ्या. प्रवासात ऑक्सिजन लागणार असेल तर सिलिंडर किती भरलाय ते गेजवर काटा बघून विचारा. एवढ्या लांबच्या रस्त्यात एक सिलिंडर पुरेलच असं नाही.

मेडिकलच्या बाहेरून खासगी गाडी केली, भंडाऱ्याला जायचे मनाला येईल तेवढे पैसे मागितले. १०८ मृतदेह नेत नाही म्हणे. — एक वाचक

हो, १०८ मृतदेह नेत नाही, ती फक्त रुग्णांसाठी आहे. शहराच्या हद्दीत महापालिकेची शववाहिका मिळते. झोन कार्यालयात किंवा रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर विचारा. खासगी ॲम्ब्युलन्सचे दर मात्र चालकाने ठरवायचे नसतात. गाडीच्या प्रकारानुसार आणि किलोमीटरप्रमाणे जिल्ह्याचं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ते ठरवतं. गाडीत बसण्याआधी दरपत्रक मागा, परतीचे किलोमीटर धरले आहेत का ते विचारा आणि पावती घ्या. पावती दिली नाही तर नंबरप्लेटचा फोटो, तारीख, कुठून कुठे आणि किती पैसे दिले एवढं लिहून आरटीओकडे लेखी तक्रार करा. पोच घ्यायला विसरू नका.